दया, नियम आणि हमी

विकसनशील देशांच्या आर्थिक वाढीची चर्चा आज ‘संस्था’ या शब्दाभोवती फिरते. मात्र मराठीत हा शब्द उच्चारताच शाळा चालवणारे मंडळ किंवा नोंदणी झालेली पतपेढी डोळ्यांपुढे येते, तो अर्थ या चर्चेत अभिप्रेत नाही. १९९३ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी डग्लस नॉर्थ यांनी संस्थेची व्याख्या केली ती माणसांनी परस्परांशी वागताना स्वतःवर घालून घेतलेली लेखी आणि अलेखी बंधने अशी. आणि २०२४ मध्ये तेच पारितोषिक मिळालेल्या डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन व जेम्स रॉबिन्सन यांनी असे मांडले की एखादा देश गरीब राहतो याचे मुख्य कारण तेथील हवामानात किंवा लोकांच्या स्वभावात शोधू नये, थोड्यांना बहुतांची कमाई ओरबाडू देणाऱ्या नियमांत शोधावे. या विचाराच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. पेरलेले आपल्याच खळ्यावर येईल, दिलेला पैसा परत मिळेल आणि सरकारचा आजचा शब्द उद्या फिरणार नाही, एवढी खात्री असली तरच माणूस आजचा घास बाजूला ठेवून उद्यासाठी काही उभारतो. आर्थिक वाढ अशी वचनांच्या विश्वासार्हतेवर उभी असते, आणि वचन हा विषय अर्थशास्त्राचा होण्याच्या कितीतरी आधीपासून धर्माचा आणि नीतिशास्त्राचा आहे.

त्यामुळे अर्थशास्त्र जिथे थांबते तिथे एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. वचन पाळले गेले एवढे पुरेसे आहे काय, की ते कोणी, कोणाला, कोणत्या स्थितीत दिले यावरही त्याचे बंधनकारकत्व अवलंबून असते? डेव्हिड ह्यूम या अठराव्या शतकातील स्कॉटिश तत्त्वज्ञाच्या मते वचन पाळणे हा माणसाचा उपजत गुण नसून एकत्र राहण्याच्या गरजेतून घडलेला संकेत आहे, आणि त्याची प्रतिष्ठा त्याच्या उपयोगातून येते. महाभारताने हाच प्रश्न अधिक बिकट प्रसंगात घातला आहे. कर्णपर्वात गांडीव दुसऱ्याला दे असे युधिष्ठिर रागाच्या भरात म्हणतो, आणि असे म्हणणाऱ्याचा शिरच्छेद करण्याचे व्रत घेतलेला अर्जुन थोरल्या भावावर शस्त्र उपसतो. तेव्हा श्रीकृष्ण त्याला कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगतो. सत्यच बोलायचे असे व्रत असलेल्या या तपस्व्याने दरोडेखोरांना, त्यांच्या भयाने पळालेले लोक कुठे लपले आहेत ते खरे सांगितले, ते लोक मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. व्रताचे अक्षर पाळले आणि ज्यासाठी व्रत असते ते धारणेचे कार्य बुडवले, तर तो धर्म नव्हे, असा या कथेचा रोख आहे. आर्थिक संस्थांच्या विचारात ही कथा फारशी आठवली जात नाही. पण दख्खनच्या पठारावर एकोणिसाव्या शतकात जे घडले ते तिच्यावाचून नीट उलगडत नाही.

पेशवाईनंतर मुंबई इलाख्यात जी रयतवारी पद्धत आली, तिच्यात सरकारने प्रत्येक खातेदाराशी थेट संबंध जोडला, जमिनीची मोजणी करून तीस वर्षांसाठी सारा ठरवून दिला आणि जमिनीवरील हक्क विकता व गहाण ठेवता येण्याजोगा केला. संस्थावादी अर्थशास्त्राच्या कसोटीला यातले प्रत्येक पाऊल उतरते: हक्क स्पष्ट, कर निश्चित, करार लेखी आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी दिवाणी न्यायालये. १८५९ मध्ये दिवाणी कार्यपद्धतीचा आणि मुदतीचा असे दोन कायदे झाले आणि ही घडण पूर्ण झाली. त्यापूर्वी सावकाराला आपली वसुली गावाच्या सोसण्याच्या मर्यादेत करावी लागे, कारण गावाची मर्जी राखल्याशिवाय त्याचा निभाव लागत नसे. आता त्याच्या पाठीशी न्यायालयाचा हुकूमनामा उभा राहिला. साध्या कर्जरोख्यावरचा दावा तीन वर्षांत लावला पाहिजे असा नियम ऋणकोच्या भल्यासाठी केला गेला होता, परंतु त्याचा परिणाम उलटा झाला. मुदत संपत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई, थकलेले व्याज त्या रोख्यात मुद्दल होऊन बसे, आणि अक्षरओळख नसलेल्या कुणब्याचा अंगठा त्या कागदावर उमटे.

येथे धर्मशास्त्राची एक जुनी मर्यादा कशी निष्प्रभ झाली हे पाहण्यासारखे आहे. मनुस्मृतीपासून चालत आलेला दामदुप्पटीचा नियम असा होता की एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये. आज हा शब्द ठेवीदाराला भुलवणाऱ्या जाहिरातींत लालसेचा शब्द म्हणून भेटतो, पण मुळात तो लालसेला घातलेला बांध होता. मुंबई इलाख्यातील न्यायालये तो मानीतही होती. मात्र दर तीन वर्षांनी व्याजाचेच मुद्दल बनत गेल्यावर दुप्पट मोजायची ती कशाची, हा प्रश्नच उरला नाही. दुसरीकडे मुलाने बापाचे ऋण फेडणे हे धर्मकर्तव्य, ही कल्पना मात्र शाबूत होती. ब्राह्मण ऋषी, देव आणि पितर यांचे ऋण घेऊनच जन्माला येतो असे तैत्तिरीय संहिता सांगते. त्या ऋणाच्या भावनेला लागूनच सावकाराचे ऋणही पवित्र ठरले होते. वारशात मिळालेल्या मालमत्तेपलीकडे वारसावर बापाच्या कर्जाची जबाबदारी नाही, असे मुंबई सरकारने १८६६ च्या कायद्याने ठरवले, तरी ज्या समाजात कर्ज बुडवणे हे पाप समजले जाई, तिथे कायद्याने दिलेली सूट वापरायला मनाची तयारी नव्हती. थोडक्यात, धर्माने घातलेली सावकारावरची मर्यादा कायद्याच्या फटीतून निसटली आणि धर्माने घातलेले कुणब्यावरचे ओझे तसेच राहिले.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव चढले आणि कर्ज मुबलक झाले. युद्ध संपताच भाव कोसळले, सावकारांनी हात आखडता घेतला, आणि याच सुमारास पहिल्या जमाबंदीची मुदत संपल्याने सरकारने साराही वाढवला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की जमावाचा रोख माणसांवर फारसा नव्हता. त्याला हवे होते ते रोखे, खतावण्या आणि हुकूमनामे, आणि ते हाती आले की ते जाळले जात. सावकाराच्या घरातला कागद जाळणारा कुणबी अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाच्या भाषेत करारभंग करत होता, पण ज्या करारात एका बाजूला वाचता येत होते आणि दुसऱ्या बाजूला उपाशी राहण्याखेरीज पर्याय नव्हता, तो करार पाळायला लावणारे न्यायालय कौशिकाच्या वाटेने चालले होते. नियम अचूक पाळला गेला आणि माणसे उद्ध्वस्त झाली.

याच प्रदेशात, दोनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी, कागदाचे आणखी एक विसर्जन झाल्याचे परंपरा सांगते. देहूच्या महाजनकीच्या घरात जन्मलेल्या तुकोबांनी दुष्काळानंतर आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. मराठी मनाला या प्रसंगाचे मोल मोठे वाटते आणि ते रास्त आहे, कारण ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने ती आपण होऊन सोडली. तरीही संस्थेच्या दृष्टीने पाहिले तर तुकोबांचा त्याग आणि सुप्याचा जाळ या दोहोंची मर्यादा एकच आहे. पहिला धनकोच्या हृदयावर अवलंबून होता आणि दुसरा ऋणकोच्या संतापावर. दोन्हींनंतर पुढच्या वर्षीच्या पेरणीसाठी कर्ज कोण, कोणत्या अटीवर देणार, हा प्रश्न जिथल्या तिथेच राहिला. संताच्या दयेपुढे नतमस्तक होणे योग्यच आहे; पण देहूच्या शेजारच्या गावातील ऋणकोच्या नशिबी तुकोबा नव्हते, हेही खरे.

दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला आणि पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहाराचा इतिहास तपासण्याचा, देण्याघेण्याचा हिशोब नव्याने मांडण्याचा आणि हप्ते बांधून देण्याचा अधिकार दिला, आणि शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकणे बंद केले. या कायद्याच्या अंमलबजावणीत विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहणारे महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात हिंदी अर्थशास्त्राची जी भूमिका मांडली, तिच्यामागे या न्यायासनावरचा अनुभव उभा असावा असे वाटते. अर्थशास्त्राचे नियम गणिताच्या नियमांसारखे सर्व देशांत व सर्व काळांत सारखे लागू पडत नाहीत, देशाची स्थिती, इतिहास व संस्था यांनुसार ते बदलतात, आणि मागासलेल्या देशात राज्याने बघ्याची भूमिका घेणे हेच एक धोरण ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. रानडे प्रार्थना समाजाचे अध्वर्यू होते. ईश्वर इतिहासातून कार्य करतो ही त्यांची श्रद्धा होती, आणि म्हणूनच दारिद्र्याला ईश्वरी संकेत मानून स्वस्थ बसणे त्यांना श्रद्धेशी विसंगत वाटत होते. कायद्याचे फळ मात्र अपुरे आले: गहाणखताच्या मागे न्यायालय जाऊ लागताच सावकार सरळ खरेदीखत लिहून मागू लागले आणि जमीन परत देण्याचा करार तोंडी राहू लागला. बलवानाला आवरणारा नियम त्याने दुसऱ्या दाराने चुकवला, कारण दुर्बलाची गरज जिथल्या तिथेच होती. उपाशी माणसाला दुसरा आधार नसेल तर त्याच्या संमतीवर लिहिलेला कोणताही कागद संशयास्पदच राहतो, ही गोष्ट या अपयशातून जितकी स्पष्ट होते तितकी यशातून झाली नसती.

निश्चिततेलाच वाढीची जननी मानणाऱ्यांना बाबासाहेब आंबेडकरांनी आणखी खोलवरचे उत्तर दिले आहे, जरी ते त्यांना उद्देशून दिलेले नव्हते. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जातिसंस्थेविषयीच्या आपल्या भाषणात त्यांनी दाखवून दिले की जात ही श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही उतरंडीची; तिच्यात माणसाचा व्यवसाय त्याच्या कुवतीवर किंवा आवडीवर ठरत नाही, आईबापांच्या सामाजिक दर्जावर ठरतो, आणि धंदा बसला तरी तो सोडता येत नसल्याने जात हीच बेकारीचे एक कारण बनते. जातीइतकी खात्रीची, जातीइतकी दीर्घायुषी आणि पोलिसावाचून पाळली जाणारी दुसरी संस्था या देशाने निर्माण केली नाही. उद्या कोण काय करेल, कोणाला काय मिळेल, याविषयी तिच्यात लवमात्र संदिग्धता नव्हती. तरीही तिने बुद्धी आणि श्रम यांचे जे नुकसान केले त्याचा हिशोब कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यात बसणार नाही. याच आंबेडकरांनी १९२३ च्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात चलनाच्या बाबतीत मात्र राज्याच्या मर्जीला कडक मर्यादा मागितली होती: रुपया किती काढायचा हे कारभाऱ्यांच्या विवेकावर सोडू नये, कारण रुपयाची क्रयशक्ती घसरली की तिचा घाव ठरावीक मजुरीवर जगणाऱ्यावर आधी पडतो. या दोन भूमिकांत विसंगती नाही. एका ठिकाणी बलवानाचा हात बांधणारा नियम मागितला आहे आणि दुसऱ्या ठिकाणी दुर्बलाचा हात बांधणारा नियम नाकारला आहे. नियमाची परीक्षा त्याच्या निश्चिततेने करायची नसून तो कोणाला कोणाविरुद्ध धरता येतो यावरून करायची, हे सूत्र दोन्हीकडे एकच आहे.

या सूत्राची कसोटी पाहणारा एक प्रयोग महाराष्ट्रातच झाला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात ग्रामीण रोजगाराची एक छोटी योजना राबवून पाहिली होती. १९७२ च्या भीषण दुष्काळात त्या कल्पनेला राज्यव्यापी रूप आले. राज्यभर नालाबांध, पाझर तलाव, रस्ते आणि खडी फोडण्याची कामे निघाली, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. रेशनवरचा लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी या दोन शब्दांनी ती पिढी तो काळ अजून ओळखते. धान्याची तूट भयंकर असूनही पूर्वीच्या दुष्काळांसारखे भूकबळींचे तांडव झाले नाही. पुढे १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये कामाचा हक्क मार्गदर्शक तत्त्व म्हणून नोंदलेला आहे, पण मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयात मागता येत नाहीत. महाराष्ट्राने त्या तत्त्वाला मागता येईल असे रूप दिले. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितल्यावर १५ दिवसांत ते न दिल्यास राज्याने बेकारी भत्ता द्यायचा. ‘मागेल त्याला काम’ हे त्याचे लोकांच्या तोंडी बसलेले नाव होते, आणि त्यातले ‘मागेल’ हे क्रियापद इथे भिकेचे राहिले नव्हते.

या कायद्यासाठी पैसा उभा करण्यात शहरी नोकरदार व व्यावसायिकांकडून घेतल्या जाणाऱ्या व्यवसाय कराचा मोठा वाटा होता आणि राज्यही त्यात आपली भर घालत असे. येथे धार्मिक मनाला एक खरी अडचण वाटू शकते. दानाचे पुण्य देणाऱ्याच्या स्वेच्छेत असते. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून परस्पर कापलेल्या रकमेत त्याची दया कुठे आली, आणि जी दया सक्तीने वसूल केली ती दया राहिली काय? याचे उत्तर असे की ती दया राहिली नाही, आणि तसे होणेच इष्ट होते. दया देणाऱ्याला उंचावते, पण घेणाऱ्याला वाकायला लावते. बीड किंवा धाराशिवच्या माळावर पाटी उचलणाऱ्या बाईला कोणाचेही आभार मानायचे नव्हते, कारण मस्टरवर तिचे नाव होते आणि मोजणीनुसार तिची मजुरी ठरत होती. कारकुनाचे पुण्य हरवले असेल, पण त्या बाईची मान ताठ राहिली, आणि या दोहोंत निवड करायची तर धर्माने दुसरीकडे झुकावे, असे मानण्यास संतपरंपरेतही भरपूर आधार आहे. याचा आर्थिक परिणामही सूक्ष्म पण दूरवर जाणारा असतो. सरकारी कामाचा पर्याय हाताशी असलेला मजूर गावातील मालकाशी बोलताना वेगळ्या आवाजात बोलतो, आणि पोट भरण्यासाठी बैल किंवा भांडी विकण्याची पाळी टळलेले कुटुंब पुढच्या मृगाला पेरणी करू शकते. १८७५ च्या कुणब्याला जो दुसरा आधार नव्हता, तो हाच.

हमीचे पावित्र्य मात्र आपोआप टिकत नाही. पाझर तलावाचे पाणी ज्याच्या विहिरीला आले तो जमीनदार होता आणि तलाव खोदणारी भूमिहीन होती. किंबहुना मोठ्या शेतकऱ्याचा हा लाभ योजनेला राजकीय आयुष्य देणारे एक कारण होता, आणि न्यायाच्या दृष्टीने तिच्यातील उणीवही तीच होती. १९८८ मध्ये मजुरीचे दर किमान वेतनाच्या पातळीवर आणून जवळपास दुप्पट केले गेले, ते न्याय्यच होते, पण त्यानंतर कामांची संख्या वाढवण्याऐवजी कामे मोजून वाटली जाऊ लागली आणि हमी या शब्दाचा अर्थ झिजला. अमर्त्य सेन यांनी २००९ च्या न्यायविषयक ग्रंथात संस्कृत परंपरेतून नीती आणि न्याय असे दोन शब्द घेतले आहेत: नीती म्हणजे नियमांची व संस्थांची योग्य रचना, आणि न्याय म्हणजे त्या रचनेखाली माणसे प्रत्यक्षात कशी जगतात ते. मोठ्या माशाने लहान माशाला गिळण्याचा मत्स्यन्याय कोणत्याही सुरेख नियमावलीच्या आडही चालू राहू शकतो, हे त्यांचे म्हणणे रोजगार हमीला पुरेपूर लागू पडते. कायद्याच्या कागदावर एका ओळीचाही बदल न होता हमीचे रूपांतर कृपेत होते, आणि ते होण्याची जागा बहुधा तहसील कचेरीतल्या किंवा ग्रामपंचायतीतल्या एका टेबलाशी असते.

त्या टेबलावर काय घडते हे म्हणूनच तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकानेही पाहावे. २००५ मध्ये संसदेने महाराष्ट्राचा अनुभव जमेस धरून देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला आणि प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाचे आश्वासन दिले, तेव्हा त्यात कामाच्या अर्जाची तारीख घातलेली पोचपावती देण्याची तरतूद होती, कारण १५ दिवसांची मुदत त्या तारखेपासून मोजायची होती. पावती दिली नाही तर अर्ज आलाच नाही असे होते, अर्ज आला नाही तर काम नाकारले गेले असे होत नाही, आणि काम नाकारले गेले नाही तर भत्त्याचा प्रश्न उद्भवत नाही. १८७५ मध्ये ज्या कुणब्याचा अंगठा सावकाराच्या रोख्यावर उमटला होता, त्याच्या वंशजाच्या हातात येऊ शकेल असा राज्याविरुद्धचा पहिला कागद ही पोचपावती आहे, आणि ती मागताना अजूनही अनेकांचा आवाज खाली जातो.